पन्नाशीनंतरची छातीतील धडधड

आपल्या मराठी भाषेने हृदयाच्या ठोक्याकडे जितके बारकाईने पाहिले आहे, तितके शरीरातील अन्य कोणत्या व्यापाराकडे क्वचितच पाहिले असेल. वाईट वार्ता कानी आली की काळजात धस्स होते. लेकरू रस्त्यावर धावत सुटले की ठोका चुकतो. चढण चढून आलेल्याचा ऊर धपापतो. अंधारात अनोळखी पाऊल वाजले की उरात धडकी भरते. (वास्तविक काळीज म्हणजे यकृत, परंतु तो अर्थ आता खाटकाच्या दुकानाबाहेर फारसा उरलेला नाही.) कोकणातून आणि देशावरून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत मजुरीसाठी आलेल्या आपल्या पूर्वजांनी जी थोडीथोडकी संपत्ती बरोबर आणली, तीत हे शब्दही होते, आणि घरात क्रिओल व फ्रेंच शिरल्यानंतरही आजीच्या तोंडी ते टिकून राहिले.

या सर्व शब्दप्रयोगांत एक गोष्ट समान आहे. त्या प्रत्येक धडधडीला काही तरी निमित्त आहे: भीती, श्रम, शोक, आनंद. परंतु पन्नाशी ओलांडलेल्या पुष्कळ स्त्रीपुरुषांना असा अनुभव येतो की, निमित्त काहीच नसताना, जेवण करून स्वस्थ बसले असता किंवा रात्री डाव्या कुशीवर वळले असता, छातीत एकाएकी काही तरी उसळी घेते, क्षणभर थांबते आणि पुन्हा चालू लागते. मनुष्य दचकतो, छातीवर हात ठेवतो आणि पुढचा अर्धा तास आपलेच ठोके ऐकत बसतो. ही धडधड कशाची, तीत भिण्याजोगे किती आणि न भिण्याजोगे किती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखक वैद्य नाही. परंतु याच वयाचा आहे, आणि याच कारणासाठी दवाखान्याच्या बाकावर बसून आलेला आहे.

आमचे वास्तव्य जर्मनीतील वाल्डॉर्फ या लहानशा नगरात आहे. हायडलबर्गच्या दक्षिणेस, ऱ्हाईन नदीच्या सपाट खोऱ्यात, वसंतात शतावरीच्या कोंबांचे पीक देणाऱ्या रेताड शेतांच्या मध्ये हे गाव वसलेले आहे. येथील एका खाटकाचा मुलगा, योहान याकोब आस्टोर, १७६३ साली जन्मला, पोटासाठी परदेशी गेला आणि अमेरिकेतील अग्रगण्य धनिक झाला. न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध हॉटेलाला या गावाचे नाव मिळाले ते त्याच घराण्यामुळे. देशांतर करून गेलेल्यांचे सगळेच वंशज हॉटेले बांधीत नाहीत, हे आपणास सांगावयास नको! आज हे गाव ओळखले जाते ते १९७२ साली स्थापन झालेल्या एसएपी या संगणक-प्रणालींच्या कंपनीमुळे. तिचे मुख्य कार्यालय येथे असल्याने भारतीय, आणि त्यांत मराठी, कुटुंबे या परिसरात बरीच स्थिरावली आहेत. तरुणपणी आलेली ही मंडळी आता पन्नाशीकडे झुकू लागली आहेत, आणि गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेता घेता चालणाऱ्या गोष्टींत रक्तदाब, साखर आणि छातीतील धडधड हे विषय हळूहळू शिरू लागले आहेत.

जर्मन लोक या विकाराला दोन निरनिराळी नावे देतात, आणि त्या दोन नावांतच अर्धे निदान दडलेले आहे. एक म्हणजे हेर्त्स-राझन, हृदयाचे बेफाम धावणे. दुसरे म्हणजे हेर्त्स-श्टोल्पर्न, हृदयाला ठेच लागणे. मॉरिशसमधील डॉक्टर फ्रेंच वळणाने दोहोंनाही पालपितासिओं म्हणतात आणि आपण धडधड म्हणतो. परंतु धावणे वेगळे आणि ठेचाळणे वेगळे. डॉक्टरांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो.

ठेच लागते म्हणजे काय होते? हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, म्हणजे उजव्या कर्णिकेत, पेशींचा एक लहान पुंजका असतो. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे ६० ते १०० वेळा तो विजेची सूक्ष्म लहर सोडतो. ती लहर दोन्ही कर्णिकांतून पसरून मध्यावरील एका ठाण्यावर क्षणभर थबकते आणि मग खालच्या जवनिकांत उतरते. दिवसाकाठी असे सुमारे एक लाख ठोके पडतात. या एक लाखांपैकी काही ठोके हृदयाच्या भलत्याच कोपऱ्यातून, वेळेच्या आधीच, सुटतात. असा अवेळी ठोका पडतो तेव्हा हृदय रक्ताने पुरते भरलेले नसते, म्हणून तो दुबळा असतो आणि मनगटावर पुष्कळदा लागतही नाही. त्यानंतर हृदय जरा अधिक वेळ थांबते. त्या अवधीत ते नेहमीपेक्षा जास्त भरते, आणि पुढचा ठोका जोराने पडतो. आपणास जाणवते ते हे: आधी पोकळी, मग धक्का. "हृदय बंद पडून पुन्हा चालू झाले" असे जे लोक सांगतात ते खोटे बोलत नसतात. परंतु बंद काही पडलेले नसते. लवकर आलेल्या ठोक्यानंतरची ती विश्रांती असते.

निरोगी माणसांतही असे अवेळी ठोके पडतात, आणि वय वाढते तसे ते वाढतात. अंतःकरण सुदृढ असेल (येथे अंतःकरण शब्दशः घ्यावे) तर त्यांपासून सहसा अपाय होत नाही. रात्री ते अधिक जाणवतात, कारण घर शांत असते, नाडी मंद असते, आणि डाव्या कुशीवर निजले म्हणजे हृदय छातीच्या भिंतीला अधिक लगटून बसते.

या ज्ञानाचा इतिहास मनोरंजक आहे, आणि त्याचा काही भाग याच जर्मन भूमीत घडला. मारबुर्ग येथे लुडविग आशोफ यांच्या प्रयोगशाळेत सुनाओ तावारा नावाचा एक जपानी विद्यार्थी आला होता; मधले ठाणे आणि तेथून खाली जाणारे तंतू त्याने शोधून १९०६ साली प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी इंग्लंडात कीथ व फ्लॅक यांना लहरीचा मूळ उगम सापडला. या लहरी कागदावर उमटविणारे यंत्र सिद्ध केले ते विलेम आइंटहोफेन या डच शास्त्रज्ञाने. त्याचा जन्म १८६० साली जावा बेटावरील सेमारांगचा, म्हणजे आपल्याच हिंदी महासागराच्या शेजारचा! त्याचे यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते आणि ते चालविण्यास पाच माणसे लागत. त्यास १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तोच कार्डिओग्राम आज कोणत्याही दवाखान्यात काही मिनिटांत निघतो. मात्र त्यात एक मोठी उणीव आहे. तो काही सेकंदांचाच असतो, आणि धडधड ही अशी मानी पाहुणी आहे की डॉक्टरांच्या दारात पाऊल टाकताच ती निघून जाते.

या उणिवेवर अमेरिकेतील नॉर्मन होल्टर याने उपाय शोधला. १९४० नंतरच्या दशकात त्याने पाठीवर वाहून नेण्याचा एक नोंदणी-संच केला. त्याचे वजन सुमारे ३८ किलो, जवळजवळ तांदळाच्या पोत्याइतके. आज तेच यंत्र काड्यापेटीहून थोडे मोठे असते. आमच्या छातीवर ते वाल्डॉर्फमध्ये २४ तास चिकटविलेले होते. सोबत एक कागद दिला होता: कधी जिना चढलात, कधी जेवलात, कधी निजलात आणि कधी धडधड वाटली, हे वेळेसह लिहावयाचे. दुसऱ्या दिवशी निकाल आला तेव्हा गंमत अशी की, यंत्राने काही शे अवेळी ठोके टिपले होते आणि त्यांतील आमच्या कागदावर होते अवघे सात. उलट, दोनदा आम्ही मोठ्या घाबऱ्या हस्ताक्षरात धडधड नोंदविली होती, तेव्हा हृदय अगदी सरळ चालीने चालत होते. डॉक्टरीणबाईंनी हृदयाची ध्वनिलहरींनी तपासणी केली, रक्त तपासले आणि हसून कागद परत दिला. औषध काहीही दिले नाही. त्या रात्री पुन्हा ठेच लागली. पण दचकणे तेवढे राहिले नाही.

येथेच थांबता आले असते तर हा लेख सुखाचा झाला असता. परंतु पन्नाशीनंतरच्या सर्वच धडधडी इतक्या निरुपद्रवी नसतात, आणि ज्या एका प्रकारासाठी मुख्यतः लेखणी हाती घेतली तो आता सांगणे प्राप्त आहे.

मॉरिशसमधील आमच्या आप्तांपैकी एका वृद्ध आत्याबाईंच्या छातीत अधूनमधून "पाखरू फडफडते" असे त्या म्हणत. दोन वर्षे त्यांनी ते सोसले. लेकांना कशाला त्रास, सुनेला कशाला काळजी, हा आपल्या घरच्या बायकांचा ठरलेला विचार. एके सकाळी त्यांच्या हातातून कप पडला, जीभ जड झाली आणि उजवा हात लुळा पडला. इस्पितळात निदान झाले ते अर्धांगवायूचे. आणि त्याच्या मुळाशी होते ते पाखरू. आत्याबाई वाचल्या, बोलणेही बरेचसे परत आले. हात मात्र आला नाही.

त्या पाखराचे वैद्यकीय नाव एट्रियल फिब्रिलेशन. मराठीत त्यास कर्णिकांचे कंपन म्हणता येईल. यात उगमस्थानाची सत्ता संपते. कर्णिकांत मिनिटाला ३५० ते ६०० वेड्यावाकड्या लहरी घुमू लागतात, आणि त्या आकुंचन न पावता नुसत्या थरथरतात. मधले ठाणे त्यांतील जेवढ्या जमतील तेवढ्याच लहरी खाली सोडते, म्हणून नाडी अगदी बेतालपणे चालते: दोन ठोके जवळ, एक लांब, पुन्हा तीन जवळ. थरथरणाऱ्या कर्णिकेत रक्त साकळते. विशेषतः डाव्या कर्णिकेला कानाच्या पाळीसारखी जी पिशवी असते, तिच्यात गुठळी जमते. ती सुटून मेंदूकडे गेली की अर्धांगवायू. फ्रेमिंगहॅम या अमेरिकन गावातील रहिवाशांचा कित्येक दशके जो अभ्यास चालू आहे, त्यातून १९९१ साली असे दिसून आले की या विकाराने अर्धांगवायूचा धोका सुमारे पाचपट होतो. आणि २००४ साली असे की, चाळिशी गाठलेल्या चौघांपैकी एकास हा विकार आयुष्यात केव्हा तरी गाठतो. म्हणजे हा काही दुर्मिळ आजार नव्हे. आणखी वाईट हे की, पुष्कळांना त्याची धडधड मुळीच जाणवत नाही.

समाधानाची बाजू अशी की यावर इलाज आहे. गुठळी होऊ न देणारी औषधे वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा झटका इत्यादी गोष्टी मोजून दिली जातात, आणि त्यांनी अर्धांगवायूचा धोका बराच कमी होतो. "रक्त पातळ करण्यासाठी" म्हणून घरोघर ॲस्पिरिनची गोळी घेतली जाते. ती या कामी पुरत नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. काही रोग्यांत, फ्रान्समधील बोर्दो येथे मिशेल हाइसागेर यांनी १९९८ साली दाखविलेल्या मार्गाने, फुप्फुसातून येणाऱ्या शिरांच्या मुखाशीच त्या वेड्या लहरी रोखता येतात. पण हे सारे निदानानंतरचे. निदानासाठी आत्याबाईंनी तोंड उघडावयास हवे होते, आणि घरात कोणी तरी त्यांची नाडी धरून पाहावयास हवी होती.

नाडी धरणे कठीण नाही. पाच मिनिटे शांत बसावे. अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर दुसऱ्या हाताची दोन बोटे टेकवावी, अंगठा टेकवू नये. आणि घड्याळाकडे पाहत पुरे एक मिनिट मोजावे. चाल बेताल असेल तर पंधरा सेकंदांचे चौपट करून खरा आकडा मिळत नाही. आकड्याहूनही ताल महत्त्वाचा: सरळ आहे, मधूनच एखादी खोट आहे, की मुळी ताल असा नाहीच? आपल्या झाकरीत ढोलकीवर थाप देणाऱ्यास हा भेद शिकवावा लागणार नाही. घरी रक्तदाब मोजण्याचे यंत्र असल्यास, आणि ते वारंवार अनियमित नाडीची खूण दाखवीत असल्यास, यंत्र बिघडले असे समजून ते अडगळीत टाकू नये.

धडधडीची आणखी काही कारणे हृदयाबाहेर असतात. गळ्यातील थायरॉईड ग्रंथी हे त्यांतले एक. १८४० साली जर्मनीतील मेर्झेबुर्ग गावचे वैद्य कार्ल फोन बाझेडो यांनी गळ्याला सूज, डोळे बाहेर येणे आणि हृदयाची धडधड अशी तीन लक्षणे एकत्र मांडली. आजही येथे तो आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. उतारवयात कधी कधी डोळे व गळा अगदी नेहमीसारखे दिसतात आणि एकटी धडधडच पुढे येते. म्हणून रक्ताची ही एक तपासणी वगळू नये. रक्तक्षय हे दुसरे कारण. पाळी जाण्याच्या सुमारास स्त्रियांना घाम व उष्णतेच्या लोटांबरोबर धडधड होते हे तिसरे. मात्र "वयाचेच आहे" असे म्हणून तीवर पडदा टाकण्यापूर्वी एकदा कार्डिओग्राम काढलेला बरा. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यास साखर उतरली की धडधड सुटते. दम्याच्या फवाऱ्याने आणि सर्दीच्या काही गोळ्यांनीही सुटते, आणि त्या गोळ्या औषधाच्या दुकानात सहज मिळतात. (आमच्या शेजारच्या वीसलोख गावातील औषधाच्या दुकानातून १८८८ साली बेर्टा बेन्झ या बाईने आपल्या मोटारीसाठी इंधन घेतले होते; दुकानदाराने न विचारता काय काय विकावे, याचा तो एक जुना दाखला!) रात्री मोठ्याने घोरणे आणि मध्येच श्वास अडकणे यांचाही कर्णिकांच्या कंपनाशी निकटचा संबंध आहे, ती गोष्ट बहुधा पत्नीस ठाऊक असते आणि पतीस मान्य नसते.

मॉरिशसमध्ये मधुमेह आणि उच्च रक्तदाब किती बोकाळले आहेत, हे वाचकांना आपल्याच घरावरून माहीत आहे. पणजोबांनी दिवसभर ऊस तोडला. आपण दिवसभर खुर्चीत बसतो आणि भोजन मात्र त्यांच्या भुकेचे करतो. १९८७ साली तेथे या रोगांची मोठी पाहणी झाली, आणि त्याच सुमारास सरकारने स्वस्त धान्याच्या तेलात पामतेलाऐवजी सोयाबीनचे तेल आणले. पुढील पाच वर्षांत लोकांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल ठळकपणे उतरले. ताटातील एका बदलाने संपूर्ण बेटाच्या रक्तात फरक पडल्याचा हा दाखला जगभरच्या वैद्यांनी वाखाणला. रक्तदाब मात्र तेल बदलून जात नाही, आणि कर्णिकांच्या कंपनामागे सर्वांत अधिक वेळा उभा असतो तो रक्तदाबच.

चहा-कॉफी सोडावी काय, हा प्रश्न हमखास निघतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात १०० प्रौढांना काही दिवस कॉफी घेण्यास व काही दिवस वर्ज्य करण्यास सांगितले होते. वरच्या कप्प्यांतील अवेळी ठोके कॉफीने फारसे वाढले नाहीत; खालच्या कप्प्यांतील थोडे वाढले; झोप मात्र सरासरी ३६ मिनिटांनी घटली. ज्यास कॉफीने त्रास होतो त्याने ती सोडावी. इतरांनी एक-दोन कपांसाठी मन कष्टी करू नये. मद्याची गोष्ट निराळी. २०२० साली ऑस्ट्रेलियातील १४० रोग्यांवर प्रयोग झाला; ज्यांनी मद्य वर्ज्य केले त्यांच्यात कर्णिकांचे कंपन परतण्याचे प्रमाण ५३ टक्के होते, आणि ज्यांनी पूर्ववत घेतले त्यांच्यात ७३ टक्के. रविवारच्या मेजवानीतील रमचा तिसरा पेला ओतताना हे दोन आकडे आठवावे. महाशिवरात्रीस गंगा तलावापर्यंत पायी जाणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी जे लघवी वाढविणारी रक्तदाबाची गोळी घेतात, त्यांनी उपास, ऊन आणि चाल यांचा मेळ कसा घालावा हे आधी डॉक्टरांस विचारावे. शरीरातील पाणी व क्षार उतरले की हृदय ठेचाळते.

आपल्याकडील सर्पगंधेचे नाव या संदर्भात पुष्कळदा निघते, आणि तिची कथा भारत व जर्मनी यांना जोडणारी आहे. हिचे शास्त्रीय नाव राउवोल्फिया. ते आउग्सबुर्गच्या लेओनहार्ट राउवोल्फ या सोळाव्या शतकातील वैद्याच्या स्मरणार्थ दिलेले. फ्रांकफुर्ट येथे विद्या संपादून १९२७ साली डॉक्टर झालेले सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी भारतात परतल्यावर १९३१ साली तिच्या मुळीतून एक द्रव्य वेगळे केले आणि हकीम अजमल खान यांच्या सन्मानार्थ त्यास अजमलीन नाव दिले. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी याच मुळीचा रक्तदाबावरील गुण १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकातून जगापुढे ठेवला. अजमलीन हे हृदयाच्या बेफाम धावण्यावर शिरेतून देण्याचे औषध म्हणून जर्मन इस्पितळांत रुजले. परंतु ते तेथेही कार्डिओग्रामवर डोळा ठेवूनच देतात, कारण तेच द्रव्य हृदयाची चाल बिघडवूही शकते. तेव्हा यात्रेहून आणलेली मुळी उगाळून आजोबांस पाजण्याचा उद्योग कोणी करू नये.

डॉक्टरांची वाट न पाहता तत्काळ इस्पितळ गाठावे असे प्रसंग थोडे आहेत, पण पक्के आहेत. धडधडीबरोबर छातीत दाब वा कळ, श्वास लागणे, शुद्ध हरपणे; श्रम करीत असताना धडधड होऊन डोळ्यांपुढे अंधारी; तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे. अशा वेळी जर्मनीत ११२ आणि मॉरिशसमध्ये ११४ हा क्रमांक फिरवावा. मुलगा कामावरून येईपर्यंत थांबू नये. छातीत कळ असल्यास इस्पितळात रक्तातील ट्रोपोनिन पाहतात. हृदयाच्या स्नायूस इजा झाली असता रक्तात उतरणारे हे द्रव्य मोजण्याची एक रीत १९८९ साली आमच्या शेजारच्या हायडलबर्गमध्ये हुगो काटुस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविली, आणि आज ती जगभर वापरतात. ज्यांच्या घराण्यात कोणी तरुणपणी अकस्मात दगावले असेल, त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांस न विचारता सांगावी.

राहिला तो बेफाम धावण्याचा एक प्रकार: नाडी एका क्षणात दीडशेच्या वर जाते, तालात चालते आणि तशीच एका क्षणात थांबते. यात लहर मधल्या ठाण्याभोवती चक्राकार फिरत असते, आणि पोटाला जोर देऊन ते चक्र कधी कधी तोडता येते. इंग्लंडात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, रोग्यास अर्धवट बसवून १५ सेकंद जोराने फुंकावयास लावले आणि लगेच उताणे निजवून पाय वर धरले. तेव्हा ४३ टक्के रोग्यांची नाडी मिनिटाभरात ताळ्यावर आली, तर नुसत्या बसल्या फुंकण्याने १७ टक्क्यांचीच. निदान झाल्यावर ही युक्ती डॉक्टरांकडून समक्ष शिकून घ्यावी. येथे ती शिकविताना हातात एक रिकामी पिचकारी देतात आणि तिचा दट्ट्या तोंडाने फुंकून हलवावयास सांगतात.